माझी इंजेक्शनं आणि साहेबाचा खून

मला क्षय झाला होता आणि मी त्यातून उठले. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना शेवट कळायची घाई असते. मलाही होती. वॉर्डात नवीन बाई आली की ती पहिल्यांदा कुणीतरी बरी झालेली शोधायची आणि तिच्याकडं टक लावून बघत राहायची. तशी बघायची असेल तर माझ्याकडं बघा. पण मी वाचले कशी, हे सांगायचं तर एका खुनाबद्दल सांगावं लागतं. म्हणून इतकी वर्षं मी हे कुणापुढं काढलं नाही.

तेव्हा आम्ही जालन्यात मस्तगडला राहायचो. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. माझे मालक कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगच्या गिरणीत फिटर होते. त्यांचं नाव किसनराव. बोलताना मी ते कधी घेतलं नाही, इथं घेते, नाहीतर वाचणाऱ्याचा घोळ होईल. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, आणि आमची रांगती लेक शांता.

सकाळी मी भाकरीचं पीठ मळत होते. खोकला महिनाभर होताच. त्या दिवशी तो थांबेना. छातीत काहीतरी उसवल्यासारखं झालं आणि तोंडात गरम, खारट आलं. मी तोंडावर हात धरायच्या आत ते परातीतल्या पिठावर पडलं. इतकं लाल की मला आधी वाटलं कुंकवाचा करंडा सांडला.

आत्याबाईंनी पहिल्यांदा शांताला उचललं. मग माझ्याकडं बघितलं. त्या दाराशीच थांबल्या आणि म्हणाल्या, "तिथंच बस. कशाला हात लावू नको."

त्या दिवसानंतर माझी लेक माझ्या मांडीवर बसली ती थेट दोन पावसाळे गेल्यावर. आत्याबाई तिला घेऊन माझ्या माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला गेल्या. मला राग आला होता. आज वाटतं, त्यांनी केलं तेच बरोबर होतं, फक्त जाताना माझ्याकडं वळून बघायला हवं होतं.

जुनं दुखणं

दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टर थकलेले, खालच्या आवाजात बोलणारे होते. फोटो उजेडात धरून त्यांनी सांगितलं, "दोन्ही बाजू धरल्यात. डावीकडं भोक आहे. नवीन इंजेक्शनं निघालीत, त्यांनी माणसं बरी होतात. पण मधे खंड पडता कामा नये."

मग त्यांनी विचारलं, "याआधी कधी छातीचं काही?"

मी खरं ते सांगितलं. लहानपणी पिंपळगावला एका हिवाळ्यात बरगडीत दुखून ताप आला होता. आईनं रेणुकाईचा अंगारा लावला, आणि मी उठले. डॉक्टरांनी ते चिठ्ठीवर लिहिलं. त्यांचं ते कामच होतं.

गिरणीत एक आजार फंड होता. प्रत्येक पगारातून त्यासाठी पैसे कापायचे. कामगार किंवा त्याच्या घरचं कुणी आजारी पडलं तर दवाखान्याचा खर्च फंडानं द्यायचा, असं गेटवर पाटी लावून सांगितलेलं. किसनराव लागल्यापासून भरत आले होते आणि एकदाही काही घेतलं नव्हतं. त्यामुळं आम्हाला आजाराची भीती वाटली, पण पैशाची वाटली नाही. ते डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गिरणीच्या मॅनेजरकडं गेले.

मॅनेजरला सगळे नुसतं साहेब म्हणायचे. बाहेरगावचा माणूस. पोटाचं दुखणं होतं त्याला, टेबलावर कायम सोड्याची बाटली असायची. त्यानं चिठ्ठी वाचली आणि परत दिली.

"हे जुनं दुखणं आहे, किसन. लग्नाआधीचं. फंड गिरणीच्या माणसांसाठी आहे, माहेराहून आलेल्या दुखण्यासाठी नाही."

"साहेब, तवा ती परकर नेसत होती. लहान पोर होती."

"मग तर फारच जुनं."

फंडाचा कारकून मुकुंदा तिथंच बसला होता. तो हसला. हसायचं म्हणून नसेल, साहेबाकडं बघून हसला असेल. पण किसनरावांनी साहेबाची कॉलर धरली, त्याला खुर्चीतून ओढून टेबलावर आडवा केला. बाटली फुटली. शर्टाची बटणं तुटून उडाली. खिडकीतून अर्धी गिरणी बघत होती.

"ती मेली तर तुला जित्ता ठेवत न्हाई," किसनराव म्हणाले.

वॉचमननी त्यांना सोडवलं आणि गेटबाहेर टाकलं. काम गेलं. तोवर या माणसानं माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. संध्याकाळी माझ्या खाटेशी येऊन त्यांनी हे सगळं खाली मान घालून सांगितलं.

बरगडीतली सुई

इंजेक्शनं परवडेनात म्हणून डॉक्टरांनी जुना इलाज सुरू केला. त्याला आम्ही हवा भरणं म्हणायचो. कुशीवर झोपवायचे, वरचा हात डोक्यावर घ्यायला लावायचे, आणि दोन बरगड्यांच्या मधे जाड सुई घालायचे. आत हवा सोडली की फुप्फुस दबतं, त्याला विश्रांती मिळते. हे ऐकायला सोपं आहे. सुई आतल्या पडद्याला टेकते तेव्हा कुणीतरी आतून लाथ मारल्यासारखं वाटतं, आणि ओरडायला दम नसतो. मी लोखंडी खाटेची कड इतकी आवळायची की नखाखाली रक्त साकळायचं.

एक सांगते, ज्यांना हे करावं लागेल त्यांच्यासाठी. सुई बघू नका. आणि श्वास रोखू नका, रोखला की जास्त दुखतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर रझियाबी होती. वयानं मोठी, भोकरदनची, विड्या वळणारी. तिचा मुलगा आमच्याच गिरणीत हमाल. दाबून बांधलेली कापसाची गाठ अंगावर पडून त्याचा पाय मोडला होता आणि फंडानं त्यालाही नाही म्हटलं होतं. तू नशेत होतास म्हणाले. तो पोरगा चहासुद्धा प्यायचा नाही. आमच्या वॉर्डात गिरणीवाल्यांच्या बायका आणखीही होत्या. प्रत्येकीला काहीतरी कारण सांगून परत पाठवलेलं. दुपारी जेवणं झाली की आम्ही तीच कारणं एकमेकींना सांगायचो. राग वाटून खाल्ला की थोडा वेळ ताप कमी वाटायचा.

आकडा

मग एका सकाळी झाडणारी बाई झाडू हातात धरून दारातच उभी राहिली.

"साहेबाला मारलं," ती म्हणाली. "प्रेसच्या मागं गाठींमधी पडलाय. गळ्यात आकडा."

गाठी ओढायला हमालांकडं लोखंडी आकडे असतात, लाकडी मुठीचे, टोकाला वाकवलेले. तो आकडा साहेबाच्या हनुवटीखालून घातला होता आणि ओढला होता. कापसाची गाठ रक्त पिऊन फुगली होती म्हणे. सकाळच्या पाळीला आलेल्यांनी बघितलं.

रझियाबी उठून बसली. दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "जिसने मारा, अल्ला उसके हात सलामत रखे."

आणि कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसलो. एक म्हणाली, गळ्यात कशाला, पोटात घालायचा, पोटाचं दुखणं होतं ना. दुसरी म्हणाली, आता वर जाऊन विचार म्हणावं, दुखणं जुनं की नवं. हसता हसता कोपऱ्यातल्या सोनाबाईला खोकला लागला, खोकता खोकता रक्त आलं, आणि तरी तिचे खांदे हसण्यानं हलत होते. थोरल्या सिस्टर धावत आल्या. त्यांना वाटलं आम्हाला वात झालाय.

दिवसभर एकच विषय. कुणी केलं? बाहेर गावातही तेच चालू होतं. हॉटेलात, पाणवठ्यावर, कापसाच्या गाड्यांच्या रांगेत. कुणी म्हणे युनियनवाल्यांनी, कुणी म्हणे हमालांनी चिठ्ठ्या टाकून माणूस ठरवला. पण फिरून फिरून बोट एकाच माणसावर यायचं. ज्यानं सगळ्यांच्या देखत कॉलर धरून सांगितलं होतं, जित्ता ठेवत न्हाई.

संध्याकाळी किसनराव भेटायला आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला चिंधी बांधलेली होती. चिंधीवर रक्त वाळलेलं.

सगळ्या वॉर्डानं ती चिंधी बघितली. रझियाबीनं मान खाली घातली, अगदी अदबीनं.

मी विचारलं, "जेवलात का?"

"जेवलो."

हाताचं मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. ते गेल्यावर मी छातीवर हात ठेवून पडून राहिले. भीती होतीच. पण भीतीच्या खाली दुसरंही काही होतं. माझ्यासाठी कुणीतरी एवढं केलं, असं. आजारी माणसाला आपण ओझं झालोय असं सतत वाटत असतं, घरच्यांच्या पावलांच्या आवाजातही ते ऐकू येतं. त्या संध्याकाळी मला तसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस त्यांना घेऊन गेले.

दूध, अंडी

त्यानंतर माझ्या खाटेशी वस्तू यायला लागल्या. दुधाचा तांब्या, उकडलेली अंडी, एकदा तूप. देणारे नाव सांगायचे नाहीत. एक गवळी रोज दूध ठेवून जायचा. मी पैशाचं विचारलं तर म्हणाला, "ताई, तुमच्या मालकानं आमच्या सगळ्यांचं काम केलं. तुम्ही फक्त पिऊन टाका."

"त्यांनी केलं असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे?"

मी प्यायले. खोटं कशाला सांगू, माझं वजन वाढलं.

एके दिवशी मला हवा भरायला नेलं तर व्हरांड्यात एक माणूस चटईवर पडला होता. जबडा मोडून एका बाजूला लोंबत होता, एक डोळा बंद, कानातून रक्त. मी ओळखलं नाही. ओळखलं ते त्याच्या आईच्या हाकेवरून. "मुकुंदा, डोळा उघड रे." फंडाचा कारकून. बाजारात लोकांनी त्याला धरलं होतं. किसनच्या वेळी हसला होतास ना, आता हस, असं म्हणत मारलं होतं. हसत नाही म्हणून आणखी मारलं.

त्याची आई वाटीतून त्याच्या तोंडात पाणी सोडायची आणि ते गुलाबी होऊन बाहेर यायचं. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "बाई, काही कापड असंल का जवळ?" मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. मी पदराचा तुकडा फाडून दिला. त्या दिवशी सुई आत गेली तेव्हा मला दुखलं की नाही, आठवत नाही.

त्याच आठवड्यात फंडानं माझी इंजेक्शनं मंजूर केली. रझियाबीच्या मुलाच्या पायाचाही खर्च दिला. नवा मॅनेजर अजून आला नव्हता, पण गिरणीचे मालक लोक घाबरले होते. आधी ज्या चिठ्ठीवर नाही म्हटलं, तीच चिठ्ठी, तोच हिवाळा, तीच मी. आता सगळं कायद्यात बसलं. वॉर्डात सगळ्या म्हणाल्या, बघ, किसनरावांच्या हातानं झालं. इंजेक्शन कमरेत टोचलं की पाय बधिर व्हायचा, कानात शिट्ट्या वाजायच्या. सोबतच्या पुड्या इतक्या कडू की ओकारी यायची. मी एकही चुकवली नाही.

ठाण्यातून

किसनरावांना ठाण्यात उलटं टांगलं होतं. कबूल कर म्हणायचे. हाताची जखम कशाची ते विचारायचे. त्यांनी सांगितलं, काम सुटल्यावर रस्त्यावर खडी फोडायला जात होतो, हातोडी घसरली. बायकोला सांगितलं नव्हतं, तिला वाईट वाटंल म्हणून. अमीनसाहेबांना, म्हणजे ठाण्याच्या फौजदाराला, ते पटलं नाही. त्यांनी तोच हात टेबलावर ठेवायला लावला आणि बोटांवर बंदुकीचा दस्ता घातला. एकेक बोट. त्यांनी कबूल केलं नाही. कबूल करायला काही नव्हतंच.

खुनी सापडला मनमाडच्या स्टेशनात. साहेबाचा चुलतभाऊ. त्याच्याच बंगल्यात राहायचा. गावाकडच्या घराच्या वाटणीवरून दोघांचं जुनं वैर होतं. पहाटे बोलायचं म्हणून साहेबाला प्रेसच्या मागं नेलं आणि हमालांचा आकडा उचलून त्याचं काम तमाम केलं, म्हणजे संशय हमालांवर जाईल. अंगावरच्या धोतरावर रक्त होतं. त्यानं सगळं सांगितलं. फंडाशी, गिरणीशी, माझ्या छातीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

किसनराव सुटून सरळ वॉर्डात आले. उजवा हात फडक्यात गुंडाळून गळ्यात अडकवलेला, भोपळ्याएवढा सुजलेला. माझ्या खाटेवर बसले. बाकीच्या बायका त्यांच्याकडं बघत होत्या, पण आता निराळ्या नजरेनं.

रझियाबीनं विचारलं, "भाई, सच बोलो. तुम न्हाई?"

"न्हाई, बी. म्या न्हाई."

ती म्हणाली, "पोलीस पढवून राह्यले असतील त्या चुलतभावाला."

"न्हाई, बी. त्यानंच केलं."

दुसऱ्या दिवसापासून गवळ्याचं दूध बंद झालं. त्याचा मला राग नाही. बाहेर लोक किसनरावांशी बोलायचे, पण जरा तुटक. जणू त्यांनी वचन देऊन मोडलं होतं. एकजण त्यांना तोंडावर म्हणाला, "आमाला वाटलं गिरणीत एक तरी मर्द हाय." त्या हाताची तीन बोटं पुन्हा वाकली नाहीत. पान्हा धरता येईना, फिटरचं काम कायमचं गेलं. पुढं मस्तगडलाच एका पिठाच्या गिरणीवर बसले, डाव्या हातानं पट्टा चढवायला शिकले. मुकुंदाला जन्मभर पातळ खाऊन राहावं लागलं.

घरी कुणी आजारी असेल तर त्याला सांगा, राग येऊ द्या, पण रागावर जगू नका. मी जगून बघितलंय. ताप उतरल्यासारखा वाटतो, उतरत नाही.

व्हरांड्यातली बाई

शेवटी शेवटी मला रोज सकाळी उन्हात व्हरांड्यात बसायला परवानगी होती. थुंकीत जंतू येईनासे झाले होते. तिथं एक बाई आली. माझ्यापेक्षा थोडीच मोठी, कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. सिस्टरनी माझ्याकडं बोट दाखवलं. ती आली आणि समोरच्या बाकावर बसली.

"मी साहेबांची बायको," ती म्हणाली. "आम्ही जालना सोडतोय."

मी पदर तोंडावर घेतला, सवयीनं. ती मागं सरकली नाही.

"तुमच्या मालकांचं नाव मीच सांगितलं होतं अमीनला. त्या दिवशी हे घरी आले तेव्हा शर्टाला बटणं नव्हती. मी नवी लावून दिली होती."

"त्यांचा हात गेला," मी म्हणाले.

"कळलं मला."

"माफी मागायला आलात का?"

तिनं विचार केला. "नाही. मागून काय होणार. तुमच्या मालकांनीच मारलं असं वाटत होतं तोवर मला बरं होतं. गिरणीचं भांडण, गिरणीतच संपलं. आता जेवायला बसले की दिसतं, आदल्या रात्री यांचा चुलतभाऊ आमच्याच पंगतीला होता. मी त्याला दोनदा भात वाढला."

उन्हात तिचे पाय दिसत होते, टाचा फुटलेल्या, माझ्यासारख्याच.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ते गेल्याचं इथं कळलं, तेव्हा तुम्हाला आनंद झाला होता का?"

मी तिच्याकडं बघितलं. नाही म्हणणं सोपं होतं. तिनंही ते ऐकून घेतलं असतं.

"झाला होता," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, हळूच, दोनदा. "भेटायला आलेले सगळे म्हणाले, आम्हाला फार वाईट वाटलं. मुकुंदाला ज्यांनी मारलं तेही येऊन म्हणून गेले."

ती उठली. जाताना माझ्या शेजारी औषधाच्या पुड्यांचा डबा होता, तो तिनं बघितला.

"अजून किती राहिलीत इंजेक्शनं?"

"थोडीच."

"सगळी घ्या," ती म्हणाली. "मधेच सोडू नका."